जास्तीची तेरा मिनिटं

नुवुआक ते तासियालुक अंतर दोनशे बारा किलोमीटर. वारा नसेल तर आमचं नऊ आसनांचं विमान अठ्ठेचाळीस मिनिटांत येतं. वारा समोरून असेल तर बावन्न, पाठीमागून असेल तर पंचेचाळीस. ही माहिती ऐकीव नाही. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या तासियालुक या आमच्या गावी, धावपट्टीशेजारच्या खोलीत मी सव्वीस वर्षं रेडिओ सांभाळतोय. नुवुआकहून विमान सुटलं की तिथला माणूस मला वेळ कळवतो, इथे चाकं टेकली की मी घड्याळ बघतो, आणि दोन्ही आकडे नोंदवहीत जातात. सव्वीस वर्षांत एकही आकडा खोडलेला नाही. कुणाला बघायची असेल तर वही कपाटात आहे.

लोक मला संशयी म्हणतात. म्हणू देत. वैमानिक म्हणतो ढग उंच आहेत, तर मी दार उघडून स्वतः वर बघतो. दुकानातली पनीलू म्हणते अंडी याच आठवड्याची आहेत, तर मी खोक्यावरची तारीख वाचतो. माझी बायको लीशिया तर म्हणते, की हा माणूस आरशात बघतानाही समोरच्याची खात्री करून घेतो. हसायला ठीक आहे. पण माणूस नेमका कुठे आहे हे ठाऊक नसलं की तो मिळत नाही, हे मी बावीस वर्षांचा असताना बघितलंय, आणि त्यानंतर मी कुणाच्या शब्दावर विसंबलेलो नाही.

तर जुलैच्या शेवटच्या गुरुवारी विमानाला एकसष्ट मिनिटं लागली.

वैमानिक होता सॅकियासी. सत्तावीस वर्षांचा, आमच्या गावातून विमान चालवायला शिकलेला पहिला. माझं वय पन्नास, आणि मी त्याला दादा म्हणतो. माझा सख्खा थोरला भाऊ सॅकियासी अठ्ठावीस वर्षांपूर्वी बर्फात गेला तो परत आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीला मुलगा झाला, त्याला ते नाव दिलं. आमच्यात नाव ज्याचं, माणूस तोच. तेव्हापासून माझी आई त्याचीही आई झाली आणि मी त्याचा धाकटा भाऊ. तो बहिणीच्या कोटाच्या टोपीत पाठीवर झोपलेला असायचा, तेव्हाही मी वाकून म्हणायचो, काय दादा, झोप झाली का. तो बोलायला लागला तसा मला ‘धाकट्या’ म्हणायला लागला. अजून म्हणतो, रेडिओवरसुद्धा.

तो चाकांना ठोकळे लावत होता तेवढ्यात मी जाऊन उभा राहिलो.

“दादा, आज एकसष्ट लागली.”

“समोरून वारा होता, धाकट्या.”

वारा! या गावात वारा मी मोजतो. दर तासाला मोजतो आणि मीच तो रेडिओवरून त्याला सांगतो. त्या दिवशी खांबावरची वाऱ्याची पिशवी ओल्या मोज्यासारखी लोंबत होती. मलाच वाऱ्याच्या थापा मारत होता तो. वहीत एकसष्ट लिहिलं आणि त्याच्या बाजूला पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलं.

पुढच्या गुरुवारी अठ्ठेचाळीस. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकोणपन्नास. मला वाटलं, चला, असेल काहीतरी. आणि तिसऱ्या गुरुवारी पुन्हा एकसष्ट. आकाश निरभ्र, वारा नावाला. सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांनी परत, बासष्ट. जाताना मात्र तिन्ही वेळा काटेकोर अठ्ठेचाळीस. जास्तीची मिनिटं फक्त परत येताना, फक्त स्वच्छ हवेत, आणि फक्त त्याच गुरुवारी, ज्या गुरुवारी विमानात माझी आई असायची.

आईचे डोळे चालले होते. नुवुआकच्या दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी डोळ्यांचा डॉक्टर यायचा, तो तिच्या डोळ्यात सुई टोचून औषध सोडायचा. लीशिया सोबत जायची. सकाळी निघायच्या, दुपारी परत. गुरुवारच्या त्या विमानात बहुतेक वेळा त्या दोघी, टपालाच्या गोण्या आणि कुणाच्या तरी यंत्राचे सुटे भाग, एवढंच असायचं.

साधा माणूस म्हणाला असता, म्हातारी आहे, चढायला वेळ लागतो. पण वेळ चाकं सुटल्यापासून मोजतात, आणि आई काही हवेत विमान ढकलत नव्हती. मी जरा पुढचा विचार केला. डोळ्याला पट्टी बांधलेली एक म्हातारी आणि तिची सून ज्या विमानातून उतरतात, त्या विमानात पोलीस डोकावत नाही. दादाने नेमके तेच गुरुवार निवडले होते. माझ्या आईच्या आडून त्याचं काहीतरी चाललं होतं.

काय चाललं होतं तेही मला ऑगस्टमध्ये समजलं, निदान समजलं असं वाटलं. आमच्या गावात दारूबंदी आहे, आम्हीच मतं देऊन आणलेली. नुवुआकमध्ये तशी नाही. तर ऑगस्टमध्ये तेलाच्या टाक्यांमागे तीन रिकाम्या बाटल्या सापडल्या. पनीलूने मला ही बातमी बिस्किटांचा पुडा देता देता दिली, आणि वर हेही घातलं, की सॅकियासीने होडीला नवीन मोटर बसवलीय, बघितलीस का. मी बघितली होती. गावात कुणाकडे नसेल एवढी दांडगी मोटर.

मी नकाशा काढला. तेरा मिनिटं म्हणजे अठ्ठावन्न किलोमीटर. एकोणतीस जायचे, एकोणतीस यायचे. मध्ये कुठे उतरत असता तर जास्त वेळ लागला असता, म्हणजे उतरत नव्हता. उतरल्याशिवाय काही उचलता येत नाही, पण टाकता येतं. खाडीच्या कुठल्यातरी कोपऱ्यात खोकं टाकायचं आणि चार दिवसांनी होडी घेऊन आणायला जायचं. मोटर त्यासाठी. सगळं कसं चपखल बसत होतं. इतकं चपखल बसलं की मला बरंसुद्धा वाटलं, ते लपवून काय करू.

लीशियाला विचारलं. ती माशाच्या फाकी वाळत घालत होती.

“मध्येच कुठे वळतं का गं विमान?”

तिने नाक आकसलं, म्हणजे नाही. मग म्हणाली, “मला झोप लागते विमानात.”

ही बाई घराच्या पत्र्याची एक खिळपट्टी वाजली तरी उठून बसते. हिला त्या खडखडाटात झोप लागते म्हणे! मी चहा घेतला. त्या दिवसापासून मी तिच्याकडेही जरा निरखून बघायला लागलो. तिनेही ते ओळखलं, कारण जेवताना ती माझ्याशी कमी आणि आईशी जास्त बोलायला लागली.

आईला विचारलं, तर ती गोठवलेल्या हरणाच्या मांसाचा तुकडा चघळत म्हणाली, “मला काय दिसतं बाबा.” ती माझ्याशी कधी खोटं बोललेली नव्हती, आणि हेही तसं खोटं नव्हतं. पण एक गोष्ट मी टिपून ठेवली. या तिन्ही खेपांना विमानातून उतरताना आईच्या उजव्या हातात मोजा नसायचा, आणि तिला आधार द्यायला मी तो हात धरला की तळवा गारढोण लागायचा. डावा उबदार, उजवा गारढोण. याचा अर्थ काही लागेना.

आता कुणी विचारेल, की जाऊ दे ना, दादाच तर आहे, तेरा मिनिटांचं एवढं काय. त्यासाठी मला ते जुनं सांगावं लागेल.

पहिला दादा, म्हणजे माझा भाऊ, तेव्हा सव्वीस वर्षांचा. बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल, गावातली दुसरी की तिसरी, त्याची. लालभडक. तोवर सगळे कुत्र्यांच्या गाडीने जायचे. मार्चमध्ये तो हरणांच्या मागे निघाला. जाताना आईला म्हणाला, एका झोपेवर असेन. आमच्याकडे अंतर असंच सांगतात, वाटेत किती वेळा झोपावं लागतं त्यावरून. तिसऱ्या दिवशी वादळ आलं आणि तो परतला नाही. पोलिसांनी दक्षिणेहून शोधाचं विमान मागवलं. अधिकारी नवा होता, त्याला झोपा समजेनात, त्याला नकाशावर टेकवायला आकडा हवा होता. गावात शाळेतलं इंग्रजी मला येत होतं, म्हणून दुभाषा मी. आई म्हणाली, एक झोप. मी डोकं चालवलं. यंत्राचा वेग एवढा, मार्चच्या दिवसाचा उजेड एवढा, म्हणजे एक झोप झाली एकशे चाळीस किलोमीटरची. अधिकाऱ्याने तेवढ्यावर वर्तुळ काढलं. विमान आठ दिवस त्या वर्तुळात फिरलं. मग त्यांनी टोप्या काढून आईशी हात मिळवले आणि निघून गेले.

माझा आकडा बरोबर होता. नंतर मी तो शंभर वेळा तपासला असेल. समुद्राच्या बर्फाला भेग पडली आणि त्याने दादाला यंत्रासकट घेतलं, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. पण मनात एक राहिलंच. जो माणूस कुठे आहे हे ठाऊक नाही, त्याला कुणी आणू शकत नाही. उद्या हे विमान त्या तेरा मिनिटांत कुठेतरी पडलं, तर मी शोधणाऱ्यांना सांगणार, सरळ रेषेवर बघा. आणि आई, लीशिया, दादा पडलेले असणार तिथून एकोणतीस किलोमीटर बाजूला. पुन्हा आठ दिवस, पुन्हा त्या टोप्या. राग दारूचा कमीच होता. राग याचा होता, की माझ्या माणसांना घेऊन तो माझ्या वहीतून नाहीसा होत होता.

मी पत्र लिहिलं. विमान कंपनीचा नुवुआकमधला मुख्य डनबार, त्याच्या नावाने. तारखा, वेळा, वारा, सगळं. हे पत्र पोचलं की दादाचं उडणं बंद होणार हे मला माहीत होतं. त्याला दुसरं काही येत नाही. लहानपणी तो खडीच्या ढिगावर बसून माझ्याकडून प्रत्येक विमानाची वेळ विचारून घ्यायचा. पत्र मी आठ दिवस कोटाच्या खिशात घेऊन फिरलो.

ऑक्टोबरचा पहिला गुरुवार आला. मी लीशियाला म्हटलं, या वेळी आईबरोबर मी जातो. ती क्षणभर माझ्या कोटाकडे बघत राहिली, मग भुवया उचलल्या, म्हणजे बरं. इतकं सहज ऐकलं तिने, याचाही मला संशय आला. रेडिओवर माझ्या बदली बसणाऱ्या आक्पिकला मी बजावून सांगितलं, की वेळ चाकं टेकल्याचीच लिही, थांबल्याची नको. “तू मेलास तरी हे सांगायला परत येशील,” ती म्हणाली.

जाताना अठ्ठेचाळीस. दादा नेहमीसारखाच होता. आईचा पट्टा त्याने स्वतः बांधला, मला म्हणाला, “आज धाकटेसाहेब स्वतः तपासणीला?” मी म्हटलं, आईला माझी सोबत हवी होती. आईने तोंड खिडकीकडे वळवलं.

दवाखान्यात आईला आत नेलं तेव्हा मी डनबारच्या ऑफिसात गेलो आणि पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं. बरा माणूस आहे, उगाच आवाज चढवत नाही. म्हणाला, “आजच्या पानाचा फॅक्स मला संध्याकाळपर्यंत पाठव. वेळ जास्त असेल आणि शेऱ्यात कारण नसेल, तर उद्यापासून तो माझं विमान चालवणार नाही.” मी मान हलवली. बाहेर आलो. संशय खरा ठरणार म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना.

परत निघालो. आई उजव्या खिडकीशी, मी तिच्या शेजारी, पुढे दादाची पाठ, मागे टपालाच्या गोण्या. डॉक्टरने आईला सांगितलं होतं, की उजव्या डोळ्यात आता उजेड-अंधार एवढंच राहील, डावाही हिवाळा काढेल न काढेल. तिने ते मला सांगताना, दुकानात चहा संपलाय असं सांगावं तसं सांगितलं. मी घड्याळ मांडीवर ठेवलं. वीस मिनिटं. तीस. खाली नवीन बर्फाची पातळ साय धरलेली, मधून काळे खडक. सगळं सरळ रेषेत. मला वाटलं, मी बसलोय म्हणून आज तो वळणार नाही. आणि खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, नको वळू, दादा.

छत्तिसाव्या मिनिटाला दादाने मान अर्धी मागे वळवली.

“आई, आज धाकटा आहे बरोबर.”

“माहीत आहे,” आई म्हणाली. “मला दिसत नाही. ऐकू येतं. वळव.”

विमान उजवीकडे कललं.

मी आईकडे बघत राहिलो. ती उजव्या हातातला मोजा काढत होती, एकेक बोट मोकळं करत, सावकाश. मग तिने उघडा तळवा खिडकीच्या काचेवर टेकवला.

मी पुढे वाकून दादाला विचारलं, की हे काय चाललंय, कुठे नेतोस आम्हाला. विमान खाली खाली आलं. एक अरुंद दरी, तिच्या तळाशी लांबट तळं. या दरीत आमचं कुणी जात नाही. कुत्र्यांच्या गाड्या होत्या तेव्हा तिथून वाट होती. स्नोमोबाइली आल्या तशी सगळ्यांनी खाडीच्या बर्फावरची सपाट वाट धरली, आणि हरणंही दुसरीकडे गेली. उत्तरेच्या उतारावर जुन्या, मळकट बर्फाचा एक थर होता. यंदाच्या उन्हाळ्याने तो खाऊन अर्धा केलेला दिसत होता.

“त्या बर्फाच्या डावीकडे मोठा धोंडा आहे,” दादा म्हणाला. “त्याच्या पायाशी बघ, धाकट्या. एकदाच फिरतो.”

धोंड्याच्या पायाशी दगडांची कमरेएवढी भिंत होती, अर्धगोल, वारा अडवायला माणूस रचतो तशी. भिंतीला टेकवून, यंत्रामागे ओढायच्या घसरगाडीच्या दोन लाकडी पट्ट्या उभ्या. आणि बाजूला, अर्धवट बर्फाबाहेर, एका यंत्राचं तोंड. रंग उडून नारिंगी झालेलं. कधीकाळी ते लालभडक होतं.

भिंतीच्या आत काय होतं ते मी बघितलं. ते मी लिहिणार नाही.

विमान वर चढलं. घड्याळ माझ्या मांडीवरून खाली पडलं होतं, ते मी उचललं नाही. दादाने सांगितलं, तुकड्यातुकड्याने, मान न वळवता. जुलैमध्ये ढग चुकवताना त्याला ते वरून दिसलं होतं. त्याने आधी आईला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. होडीची मोटर त्याने खाडीच्या टोकापर्यंत जाऊन तिथून चालत येण्यासाठी घेतली होती, पण आईने जाऊ दिलं नाही.

“इथून गाव किती?” मी विचारलं. मला माहीत होतं. नकाशा माझ्या डोक्यात आहे.

“चोपन्न किलोमीटर,” दादा म्हणाला.

चोपन्न. मी एकशे चाळीस सांगितले होते. शोधाचं विमान जाताना आणि येताना, रोज दोनदा, या डोंगराच्या पलीकडून गेलं असणार. माझ्या भावाला ते ऐकू आलं असेल.

“तो यंत्रावर गेला होता, आई,” मी म्हणालो. “यंत्रावर एका झोपेत माणूस इतक्या जवळ राहत नाही. मी बरोबर मोजलं होतं.”

“गेला यंत्रावर,” आई म्हणाली. “पण सांगत कुणाला होता? मला. मी कधी यंत्रावर बसले होते तेव्हा? मला कुत्र्यांचीच झोप माहीत. त्यालाही ठाऊक होतं ते.”

तो सांगितल्या जागी थांबला होता. भिंत रचून थांबला होता.

मग मी विचारलं, की मला का सांगितलं नाही.

“एक मुलगा त्या जागेनं घेतला,” आई म्हणाली. “दुसरा तिथं जाऊन बसेल, रोज मनानं, म्हणून नाही सांगितलं. म्हटलं, माझे डोळे आहेत तोवर मी बघून घेते. बर्फ पडला की झाकलं जाईल, मला दिसणार नाही आणि तुला कळणार नाही.”

“मग आज का?”

“लीशियानं पत्र वाचून दाखवलं मला. तुझ्या खिशातलं.” तिने काचेवरचा हात काढला आणि तो गारढोण तळवा माझ्या हातावर ठेवला. “थोरल्याला एकदा गमावलं. तुला वाचवायला परत गमावू होय त्याला?”

चाकं टेकली. आक्पिक बाहेर आली तीच हसत. सांगत होती, की त्या बाटल्या कुठून आल्या ते पोलिसाला कळलं, पुरवठ्याच्या जहाजातून उतरवलेल्या एका पेटीत होत्या, जहाजावरच्याच कुणाचं काम. माझ्या कानावर ते पडलं एवढंच. दादा चाकांना ठोकळे लावत होता. त्याच्याजवळ जाऊन मी म्हटलं, की पत्र मी दिलंय, डनबार पानाची वाट बघतोय. तो उभा राहिला, हात पँटला पुसले.

“मग लिही जे झालं ते,” तो म्हणाला. “तू खोटं लिहिलेलं मला चालणार नाही.”

त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी आईला घेऊन खोलीत आलो, तिला हीटरशेजारी बसवलं, चहा ठेवला. आक्पिकला घरी पाठवलं. वहीत तिच्या अक्षरात एकसष्ट लिहिलेलं होतं. शेऱ्याचा रकाना कोरा. तीन जुन्या ओळींपाशी माझी पेन्सिलीची टिंबं.

शोधाच्या कामासाठी वाट सोडायला नियमात जागा आहे. नियम मला पाठ आहेत. मी शाईने लिहिलं, आणि तीन टिंबांपाशीही तेच लिहिलं: शोधकार्य. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हरवलेला माणूस सापडला. सॅकियासी, वय सव्वीस, नावाच्या नात्याने वैमानिकाचाच आधीचा देह आणि रेडिओवाल्याचा थोरला भाऊ. शोधाच्या वेळी दुभाष्याने अंतर चुकीचं सांगितलं. दुभाषा नूटाराक, म्हणजे मीच. हरवलेल्या माणसाने अंतर बरोबर सांगितलं होतं, एक झोप.

वाचून पाहिलं. सव्वीस वर्षांत शेऱ्याच्या रकान्यात मी दोन शब्दांच्या वर लिहिलं नव्हतं. फॅक्स गेला. मी आईजवळ बसलो आणि मला रडू आलं. आईने चहाचा कप शोधत हात पुढे केला, तो मी तिच्या हातात दिला.

अर्ध्या तासाने फोन वाजला. डनबार होता. म्हणाला, की शोधकार्य असेल तर सॅकियासीला तो काही बोलणार नाही, शनिवारी नेहमीसारखा येऊ दे. पोलिसांना तोच कळवतो, ते माणसं घेऊन येतील. फक्त अहवालात झोप लिहून चालत नाही.

“एक झोप म्हणजे नक्की किती किलोमीटर?” त्याने विचारलं.

चोपन्न माझ्या जिभेवर होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वीही असाच एक आकडा जिभेवर तयार होता, आणि मी आईकडे न बघता तो देऊन टाकला होता.

“थांबा,” मी म्हटलं. रिसीव्हरवर हात ठेवला आणि आईकडे वळलो. “आई, एक झोप म्हणजे केवढी गं?”

आईने कप खाली ठेवला. तिची मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळली.

“कुत्री कुणाची होती, आणि बर्फ कसा होता, ते आधी सांग,” ती म्हणाली.

मी रिसीव्हरवरचा हात काढला आणि डनबारला सांगितलं, की जरा वेळ लागेल.